खरेदीखतात नसलेला वारस

"सतरा येळा झाडलं तरी ह्या ठोंब्याच्या बुडाचा कचरा संपत न्हाय. ह्यो नुसता बसून ऱ्हातोय, आन् राबायचं म्या."

ईरम्मा रोज सकाळी माझ्याभोवती केरसुणी फिरवताना हे म्हणते. अगदी माझ्या कानाशी म्हणते, कारण गुडघ्यांमुळे तिला आता धड वाकता येत नाही. एक हात माझ्या काठावर टेकवते आणि दुसऱ्या हाताने झाडते. मला तिचा राग येत नाही. हात टेकवायला तिला या घरात दुसरे आहे तरी कोण?

मित्रांनो, तो ठोंब्या म्हणजे मी. मी एक जुना तेलाचा घाणा आहे. सोलापुरात बाळीवेशीच्या आतल्या अंगाला एक अरुंद बोळ आहे. त्या बोळाच्या टोकाशी पत्र्याची एक पडवी आहे आणि पडवीच्या मधोमध मी आहे. "आहे" म्हणजे पुरलेला आहे. माझी उंची चांगली पुरुषभर. त्यातले दोन हिस्से जमिनीखाली आणि एक हिस्सा वर. जी वस्तू दोन हिस्से जमिनीत असते तिने कुठे जायचे मनात आणू नये, हे मी फार लवकर शिकलो.

मी मूळचा चिंचेचा. बोरामणीच्या वाटेवर माझे झाड उभे होते. बसप्पा नावाचा तेली तिथून जाता-येता माझ्या बुंध्यावर थाप मारून बघायचा. असे त्याने तीन वर्षे बघितले आणि चौथ्या वर्षी मला तोडून बैलगाडीने इथे आणले. सुताराने महिनाभर मला आतून पोखरले. ते दुखले की नाही हे आता आठवत नाही; सुताराचा खोकला मात्र आठवतो. मग पडवीत खड्डा खणला आणि आठ माणसांनी मला त्यात उतरवले. बसप्पाने माझ्या अंगाला विभूतीची तीन बोटे ओढली आणि म्हणाला, "आता तू घरातला." मला फार आनंद झाला. घरातल्याला घर सोडता येत नाही, हे तेव्हा मला कुणी सांगितले नव्हते.

माझ्या पोटात एक उभे जाड लाकूड फिरायचे. त्याला लाट म्हणतात. लाटेला आडवे लाकूड बांधलेले आणि त्याला बैल जुंपलेला. बैलाच्या डोळ्यांना ढापणे. बैल गोल फिरे, लाट करकरे, करडई चेपली जाई आणि माझ्या अंगातल्या भोकातून सोन्यासारखी धार खाली मडक्यात पडे. आमच्या बैलाचे नाव गबऱ्या. सकाळी ढापणे चढवली की तो झपाझप चालू लागे. मला वाटते, अक्कलकोटला निघालो अशी त्याची समजूत असावी. संध्याकाळी ढापणे काढली की समोर पुन्हा तीच भिंत. तो भिंतीकडे बराच वेळ बघत राही. मग गपकन खाली बसे.

ते माझे मानाचे दिवस होते. बाळीवेशीतल्या बायका मडकी घेऊन दारात उभ्या राहायच्या. शेंगाचटणीवर धार धरावी ती बसप्पाच्या घाण्याचीच, असे त्या म्हणायच्या. मी ऐकून घ्यायचो. स्तुती ऐकताना करकर जरा कमी करावी, एवढी समज मला होती.

बसप्पाला दोन मुलगे. थोरला विरुपाक्ष, धाकटा ईश्वरप्पा. बसप्पा गेला तेव्हा वाटणी झाली नाही. पडवी, मागच्या दोन खोल्या, बैल आणि मी, सगळे दोघांचे मिळून. घाण्याचा अर्धा भाग कापून कुणाला देणार? विरुपाक्षला माझा लळा होता. लाटेचा आवाज जरा बदलला तरी तो जेवणावरून उठून यायचा. ईश्वरप्पाचा जीव मात्र इथे रमत नसे. "बैल तरी ढापणं लावून फिरतोय," तो म्हणायचा, "मी उघड्या डोळ्यांनी फिरतोय." त्याला इंजिनावर चालणारी तेलाची गिरणी काढायची होती. तसे वाटणे काही वाईट नव्हते.

घरात दोन जावा. विरुपाक्षची बायको चंद्रव्वा आणि ईश्वरप्पाची बायको ईरम्मा. ईरम्मा चंद्रव्वाला अक्का म्हणायची. दुपारी घाणा थांबला की दोघी माझ्या काठाला टेकून शेंगा फोडत बसायच्या आणि कानडीत हसायच्या. सासूने ऐकू नये असे काही असले की कानडी सोडून मराठीत यायच्या, कारण सासू पक्की कानडी. ईरम्माला मूल नव्हते. चंद्रव्वालाही लग्नानंतर सात वर्षे नव्हते. त्यावरून गल्ली बोलायची. या दोघी एकमेकींना कधी बोलल्या नाहीत.

सन एकोणीसशे एकोणीसच्या दसऱ्याला विरुपाक्ष तापाने गेला. चार दिवसांचा ताप. त्याला पुरून आले त्या संध्याकाळी गबऱ्या आपणहून माझ्याजवळ येऊन जुंपायच्या जागी उभा राहिला होता. तेव्हा चंद्रव्वाला दिवस गेलेले होते. दुसरा की तिसरा महिना. घरात फक्त बायकांना ठाऊक होते.

मित्रांनो, आमच्या लिंगायत घरांत एक रीत आहे, ती तुम्हाला सांगायला हवी. बाळ आईच्या पोटात असते तेव्हाच, आठव्या महिन्यात, स्वामी घरी येतात आणि त्या न जन्मलेल्या बाळासाठी इष्टलिंग आईच्या अंगावर बांधतात. म्हणजे बाळाने अजून जग बघितलेले नसते, पण ते घरातले माणूस ठरलेले असते. चंद्रव्वाचेही तसे झाले. वीस सालच्या फाल्गुनात, माझ्याच शेजारी, हीच पडवी सारवून. बाप गेलेला, म्हणून गाजावाजा केला नाही. गल्लीतल्या चार-पाच बायका होत्या, म्हातारे स्वामी होते आणि घरातली माणसे. चंद्रव्वा माझ्या काठाला पाठ टेकून बसली होती. तिच्या पाठीशी मी होतो म्हणून मला ठाऊक आहे: लिंग बांधताना पोटातल्या बाळाने अशी लाथ मारली की ती दचकली आणि दसऱ्यानंतर पहिल्यांदा हसली.

त्याच महिन्यात धोंडीराम आमच्याकडे येऊ लागला. धोंडीरामचे चौकात किराणाचे मोठे दुकान होते. माणूस वाईट नव्हता. अडल्यानडल्याला तो उभा राहायचा. फक्त एक होते: जे कळले तर अडचण होईल, ते तो विचारायचाच नाही. ईश्वरप्पाला पडवी, खोल्या आणि मला विकायचे होते. धोंडीरामला घ्यायचे होते. मधे एकच गोष्ट होती आणि ती अजून जन्माला यायची होती.

दोघे माझ्यावर कोपर टेकवून हळूहळू बोलत. अज्ञान, म्हणजे वयात न आलेला, वारस निघाला तर काय होते, कोर्टाची परवानगी किती लांबते, असे आडून आडून. ईश्वरप्पा एकदा म्हणाला, "जे काय करायचं ते उन्हाळ्याच्या आत करू." धोंडीराम म्हणाला, "तुमच्या घरातलं तुमाला ठाऊक. मी काय इचारत न्हाय."

आठ दिवसांत चंद्रव्वाला मंगळवेढ्याकडच्या एका वाडीला, माहेरी पाठवले. "हितला उन्हाळा तुला सोसायचा न्हाय, अक्का," असे तिला सांगितले. गाडी दाराशी आली. चंद्रव्वा जाताना माझ्या काठावर हात ठेवून क्षणभर उभी राहिली आणि म्हणाली, "परत आल्यावर शेंगदाण्याचा घाणा काढू." मग गेली.

त्यानंतर पाचव्या दिवशी खरेदीखत लिहायला कारकून आला. सपाट जागा म्हणून त्याने कागद माझ्याजवळच्या फळीवर ठेवला. लिहिता लिहिता त्याने विचारले, "मयत विरुपाक्षास संतान?"

ईश्वरप्पा म्हणाला, "संतान कुटं हाय? तुमच्या डोळ्याला दिसतंय का?"

कारकुनाने पडवीभर नजर फिरवली. बैल दिसला, मी दिसलो. त्याने लिहिले: संतान नाही. तो खोटे लिहीत नव्हता हो. खरेही लिहीत नव्हता. कागदावर ही दोन्ही एकाच शाईने उमटतात, हे मी त्या दिवशी जवळून पाहिले.

वैशाखात वाडीला चंद्रव्वाला मुलगा झाला. निंगप्पा. जागा अजून सोडायची होती; निरोप आला तेव्हा ईश्वरप्पा इथेच जेवत होता. त्याने पानावरचे संपवले, हात धुतले आणि म्हणाला, "चांगलं झालं." ईरम्मा स्वयंपाकघरातून बाहेर आलीच नाही. चंद्रव्वाला विक्रीचे कळले ते त्यानंतर. ती कशाला येते परत? तिचे म्हणण्यासारखे इथे एक मडके राहिले नव्हते.

आता ईश्वरप्पाचे ऐका. त्याची इंजिनाची गिरणी दोन वर्षे चालली. भागीदाराशी बिनसले, मग पट्ट्यात अडकून त्याची दोन बोटे गेली आणि मग गिरणीही गेली. घर विकून टाकलेले, जायचे कुठे? तो धोंडीरामकडे आला. धोंडीरामने त्याला मागच्या दोन खोल्या भाड्याने दिल्या आणि घाण्यावर कामाला ठेवले. म्हणजे ज्याने मला विकले तोच रोज माझ्याभोवती फिरू लागला. पूर्वी मालक होता, आता गडी. फिरण्याचे वर्तुळ तेवढेच होते. बारा-तेरा वर्षे तो फिरला. माझ्या काठाला त्याने कधी हात लावला नाही. घाम पुसायला देखील टेकला नाही.

ईरम्मा त्याच चुलीशी परत आली. पण दुपारी शेंगा फोडायला ती माझ्याजवळ बसेना. माझ्याकडे पाठ करून, दारात, एकटीच फोडायची.

मग साऱ्या सोलापुरात इंजिनाचे तेल आले. ते डब्यात येई, स्वस्त मिळे. माझ्या दारातल्या बायका एक एक करत कमी झाल्या. गबऱ्याच्या जागी आलेला बैलही एका आठवड्याच्या बाजाराला गेला आणि लाट थांबली. सुरुवातीला मला बरे वाटले, खोटे कशाला बोलू? पण विश्रांती आणि टाकून देणे यांत फरक आहे, तो चार महिन्यांनी कळतो. माझ्या पोटात कोंबड्या अंडी घालू लागल्या. लाटेवर लुगडी वाळू लागली. कुणीतरी तुटकी छत्री आणून माझ्यात ठेवली ती अजून तिथेच आहे. आणि धोंडीरामच्या मनात पडवीत पिठाची गिरणी घालायचे आले. तो सुतारासमोर माझ्या अंगावर पायाने ठोकून म्हणाला, "चिंचेचं हाय. लई दिवस जळंल."

खोटे नव्हते तेही.

अशात, एकोणचाळीस सालच्या उन्हाळ्यात, एक तरुण पडवीच्या दारात येऊन उभा राहिला. मिलमध्ये साच्यावर, म्हणजे कापडाच्या मागावर, कामाला होता. केसांत कापसाचे पुंजके अडकलेले. गोष्टींत असतो तसा तो बापासारखा दिसत नव्हता. सगळा आईवर गेला होता, मोठ्या कानांसकट. तो विरुपाक्षसारखा दिसता तर पुढचे पुष्कळ वाचले असते.

"चिक्कप्पा," तो ईश्वरप्पाला म्हणाला. आमच्यात काकाला चिक्कप्पा म्हणतात. "मी निंगप्पा. मंगळवेढ्याकडचा."

ईश्वरप्पाने त्याला बसायला पाट दिला. ईरम्माने पाणी आणून ठेवले आणि त्याच्याकडे न बघता आत गेली. पण आत जाऊन ती दाराला टेकून उभी राहिली; माझ्या बाजूने तिचे पाऊल दिसत होते.

धोंडीरामही तिथेच होता, गिरणीची जागा मोजत. निंगप्पा त्याच्याकडे वळला. "मालक, ही जागा माझ्या आज्याची. अर्दी माझ्या बापाची. बाप गेल्यावर ती माझी. तुमी घेतलीत ती चिक्कप्पाच्या वाट्याची. माझा वाटा मी कुणाला इकलेला न्हाय."

"तू कवा इकणार?" धोंडीराम हसला. "तू हुतास कुटं तवा?"

"आईच्या पोटात हुतो. वकील म्हणाले, पोटातल्या लेकराचाबी वाटा आसतोय."

धोंडीरामने मोजायची दोरी गुंडाळली. "लेकरा, मी वाडीच्या पाटलाकडं चौकशी केली हाय. तू आज आलास, पर तुझी आई दोन वर्सांमागंच वाटा मागायचा निरोप धाडून बसली हुती. वहीत तुझा जन्म एकवीस सालचा हाय. तुझा बाप गेला एकोणीस सालच्या दसऱ्याला. आता मधले महिने तू मोज. मी काय बोलत न्हाय."

निंगप्पाचे मोठे कान लाल झाले.

मित्रांनो, ते कसे झाले ते पुढे निंगप्पाच्या तोंडून ऐकले, तसे सांगतो. निंगप्पा जन्मला तेव्हा त्याच्या आईच्या वडिलांनी नोंद केलीच नाही. नातू झाला म्हणून पाटलाकडे जाऊन सांगायचे असते, हे त्या मेंढरांमागच्या माणसाच्या डोक्यात आले नाही. पुढल्या वर्षी गावात देवी टोचणारा आला. टोचलेल्या पोरांची नावे पाटलाने विचारली. "ह्येचं नाव वहीत न्हाय की," पाटील म्हणाला आणि त्याने पोर त्याच दिवशी जन्मलेले म्हणून लिहून टाकले. अंगणात चालणाऱ्या, दात आलेल्या पोराचा जन्म. कुणाला त्यात काही वावगे वाटले नाही.

पण त्या एका ओळीने निंगप्पाचा बाप त्याच्यापासून काढून घेतला आणि चंद्रव्वाबद्दल एक शंका उभी केली. ती शंका काय हे तुम्ही मोठे झाल्यावर समजाल. मोठी माणसे ती समजली होती, पण तोंडाने कुणी म्हणत नव्हते. चौकात धोंडीराम म्हणायचा, "मी काय बोलत न्हाय." गल्लीतल्या बायका म्हणायच्या, "आपन कशाला बोला." न बोलताच ती सगळ्या सोलापूरभर फिरली.

निंगप्पाने कोर्टात दावा लावला. निकाल लागेपर्यंत जागेत काही तोडफोड करू नये असा हुकूम आला, म्हणून मी वाचलो. वाचलो म्हणजे काय, सुटलोही नाही आणि जळलोही नाही. जागा धोंडीरामची की अर्धी निंगप्पाची, हे ठरेपर्यंत मी कुणाचाच नव्हतो.

निंगप्पाच्या वकिलाला एकच माणूस हवे होते: चंद्रव्वा या घरातून गेली तेव्हा तिच्या पोटात बाळ होते, हे डोळ्यांनी पाहिलेले. लिंग बांधणारे स्वामी वारले होते. त्या दिवशीच्या बायकांपैकी दोघी जिवंत होत्या. एक धोंडीरामच्या चाळीत राहायची. तिला काही आठवेना. दुसरीचा मुलगा धोंडीरामच्या दुकानात माप करायचा. तिला तर त्या वर्षी फाल्गुन आला होता की नाही हेही आठवेना.

मला आठवत होते. पाठीशी टेकलेली ती पाठ, ती लाथ, ते हसू. पण मी लाकूड. आठवणीने नुसता भरलेला आणि पुरलेला.

ईरम्माला साक्षीला बोलावले धोंडीरामने. तिच्यावर त्याचा भरवसा होता, कारण ती त्याच्याच खोलीत राहत होती. गुडघ्यांमुळे तिला कोर्टापर्यंत जाता येईना, तेव्हा तिची साक्ष घरीच घ्यायला कोर्टाने एक कमिशनर नेमला. आदल्या दिवशी दुपारी ईश्वरप्पा तिच्यासमोर उकिडवा बसला.

"कायबी लांबण लावू नको. एवढंच म्हन, ध्यानात न्हाय."

"ध्यानात न्हाय म्हनायलाबी ध्यान ठेवावं लागतंय की."

"चेष्टा नको. खोली जाईल."

ईरम्मा तांदूळ निवडत होती. एक खडा तिने नखाने बाजूला सारला. "खोली आपली कवा हुती?"

"हुती की. आपलीच हुती."

"तवा इकली कशाला?"

 उरलेल्या तीन बोटांनी ईश्वरप्पाने आपला गुडघा चोळला आणि म्हणाला, "या वयात मला कुटं नेऊन बसवशील, ईरे?"

ती त्याच्याकडे बघत राहिली. वीस वर्षांत तिने त्याच्याकडे असे बघितलेले मी पाहिले नव्हते. दया होती की आणखी काही, हे मला लाकडाला कसे कळावे? तिने ताट उचलले आणि आत गेली. काय म्हणणार आहे ते तिने त्याला सांगितले नाही. मला वाटते, तिचे तिलाही ठाऊक नव्हते.

मित्रांनो, पुढचे सांगण्याआधी माझे एक मागणे तुमच्याजवळ मागून ठेवतो, कारण नंतर मला बोलायला जागा उरणार नाही. तुमच्या घरी कुठेतरी एखादी माझ्यासारखी अडगळ पडलेली असेल. तिच्यावर ओली लुगडी टाकू नका, तिच्यात तुटकी छत्री ठेवू नका, वर्षातून एकदा तरी तिला फडक्याने पुसा. पण ती काही बोलेल याची वाट बघू नका. वस्तू बोलत नाहीत. घरात जी म्हातारी माणसे एका बाजूला, पाठ करून बसतात ना, त्यांच्याजवळ जाऊन बसा आणि विचारा. पुन्हा विचारा. ती म्हणतील, ध्यानात नाही. तरी उठू नका. त्यांना खूप ध्यानात असते; विचारणाऱ्याने फार घाई केलेली असते, एवढेच.

दुसऱ्या दिवशी सकाळी कमिशनर आले. तरुण, चष्मा घातलेले, नवीन असावेत. त्यांचा कारकून, दोन्हीकडचे दोन वकील, धोंडीराम, निंगप्पा. पडवीत बसायला जागा पुरेना. कारकुनाने दौत माझ्या काठावर ठेवली. ईरम्मा माझ्या शेजारी पाटावर बसली. ईश्वरप्पा खांबाला टेकून खाली बघत होता.

दारात, उंबऱ्याच्या बाहेर, चंद्रव्वा उभी होती. केस सगळे पांढरे. तिला आत या म्हणावे असे कुणाच्या लक्षात आले नाही, आणि ती आपणहून आत आली नाही.

"नाव?" कमिशनरांनी विचारले.

"ईरम्मा."

"नवऱ्याचं नाव?"

ईरम्माने पदर पुढे ओढला. कमिशनर पुन्हा म्हणाले, "बाई, नवऱ्याचं नाव सांगा."

"समोरच बसलेत की. त्यास्नीच इचारा."

कारकून हसू दाबत लिहू लागला. धोंडीरामचा वकील उठला. त्याने घसा साफ केला. "बाई, तुमच्या जाऊबाई वीस सालच्या फाल्गुनात माहेरी गेल्या. जाताना त्यांच्यात काही, म्हणजे, विशेष असं दिसत होतं का?"

"इशेष म्हंजी?"

"म्हणजे तब्येतीत. प्रकृतीत."

"प्रकृती बरी हुती."

वकिलाने समाधानाने मान हलवली आणि खाली बसला. मग निंगप्पाचा वकील उठला. त्याचीही पंचाईत तीच. तो चंद्रव्वाकडे बघे आणि शब्द बदले. "बाई, नीट आठवा. त्यांची अवस्था, म्हणजे, त्या वेळी त्या कोणत्या स्थितीत..."

"बसल्या स्थितीत. गाडीत," धोंडीराम पुटपुटला.

कमिशनरांनी चष्मा काढून पुसला. "बाई, तुम्हाला काही ध्यानात असेल तर सांगा. नसेल तर ध्यानात नाही असं सांगा."

ईश्वरप्पाने मान वर केली. कारकुनाने दौतीत टाक बुडवला.

ईरम्माने एक हात माझ्या काठावर टेकवला. तिचा सगळा भार माझ्यावर आला, आणि मी नुसता घट्ट उभा राहिलो. मला तेवढेच येते.

"तुमी एवढी शिकलेली मानसं," ती म्हणाली, "आन् कुणाच्या तोंडातनं एक शबुद निघंना. अक्का पोटुशी हुती का, असं इचारा की सरळ. हुती. आठवा महिना लागला हुता. हितंच, ह्या जागंला, स्वामींनी पोटातल्या लेकराला लिंग बांधलं, आन् ताट म्या धरलं हुतं. लेकरू माझ्या थोरल्या भावजींचं हाय. पाटलाची वही काय बी म्हनू दे."

"ईरे," ईश्वरप्पा म्हणाला. "ध्यान करून बोल."

"ध्यान करूनच बोलतीया. वीस वर्सं तेवढंच केलंया."

निंगप्पाने खाली मान घातली. धोंडीराम माझ्याकडे बघत होता, जणू मीच काही बोललो होतो. कमिशनरांनी कारकुनाला थांबायची खूण केली आणि फार हळू, कोर्टातल्या आवाजात नव्हे, विचारले, "मग बाई, खरेदीखतात संतान नाही असं कसं लिहिलं गेलं?"

हे मात्र आजवर कुणी विचारले नव्हते. दोन्ही वकील आपापले कागद चाळू लागले. ईश्वरप्पाने डोळे मिटून घेतले.

ईरम्मा माझा आधार घेत उठली. गुडघे वळेनात, तरी उठली. तिने कमिशनरांकडे पाहिले नाही, नवऱ्याकडे पाहिले नाही. उंबऱ्याबाहेर उभ्या असलेल्या पांढऱ्या केसांच्या बाईकडे बघत ती म्हणाली,

"ल्योक झाला तर अर्दं त्येचं हुईल, हे आमा दोगांला ठाव हुतं, अक्का. म्हनून त्यो जन्माला यायच्या आदी आमी इकलं. तुला उन्हाळ्याचं निमित्त सांगितलं. आन् गाडीत म्याच बसवलं."